फॉर्मच्या आधीचा एक तास

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून एक चक्कर मारा. गेटागेटावर पाट्या दिसतील: वेल्डर पाहिजे, सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनला ऑपरेटर पाहिजे, फेटलिंगला म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला माणसं पाहिजेत. आणि इकडे शहरात नववी-दहावीत शाळा सुटलेली पोरं दिवसदिवस कट्ट्यावर बसून असतात. मधे आयटीआय आहे, कौशल्य केंद्रं आहेत, योजनाही आहेत. तरी ही पोरं तिथवर पोचत नाहीत आणि पोचली तरी टिकत नाहीत. अशा मुलांना प्रशिक्षणात दाखल करण्याचं काम मी करते. माझं ठाम मत असं झालंय की, गळतीचं बी नाव घालायच्या दिवशीच पेरलं जातं. बॅच भरायची घाई असते, फॉर्म पुढं सरकवला जातो आणि मुलाशी कुणी बोलतच नाही.

एक मुलगा आला होता. फॉर्म हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "मॅडम, घरी भरून आणतो." हे वाक्य ऐकलं की मी फॉर्म बाजूला ठेवते. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच असतो, की वाचताना अडखळतो आणि चारचौघांत लाज वाटते. त्याच्यापुढं बंद पडलेला टेबल फॅन ठेवला. स्क्रू काढताना प्रत्येक स्क्रू कुठला ते लक्षात राहावं म्हणून त्यानं ते कागदावर ओळीनं मांडले. कुणी सांगितलं नव्हतं. लेखी चाचणीत हा मुलगा नापास झाला असता. त्याला आधी वाचनाची शिकवणी लागणार होती, पण हात आणि डोकं दोन्ही कामाचं होतं.

म्हणून मूल्यमापन म्हणजे मार्क काढणं नव्हे, उद्या या मुलाचं पाऊल कुठं अडणार ते आज हुडकणं. मी विचारते: सकाळी किती वाजता उठतोस? घरापासून केएमटी, म्हणजे शहर बस, मिळते का? रात्री झोपायला जागा आहे का? आता रोज किती मिळवतोस आणि त्यातलं आईच्या हातात किती देतोस? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. हमालीचे रोजचे पैसे थांबले तर महिन्याच्या आत घरातूनच दबाव येतो. मग पोरगा बुडवायला लागतो आणि आपण म्हणतो, त्याला शिकायचंच नव्हतं. अशा मुलासाठी संध्याकाळची बॅच किंवा विद्यावेतन मिळणारी शिकाऊ उमेदवारी शोधावी लागते. तंबाखूच्या माव्याबद्दलही मी विचारते, पण रागावून नाही. ओरडलं की पोरं खोटं बोलतात. आईशी वेगळं बोलते, कारण मुलासमोर ती बोलत नाही.

कागदपत्रांचं सांगते. आधारवर एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं, यात कित्येक प्रवेश लटकतात. ते आधी दुरुस्त करून घ्या. दहावी सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. आठवी पास असेल तर आयटीआयत वेल्डर किंवा वायरमनला प्रवेश आहे, वेल्डरचा कोर्स तर एका वर्षाचा. राज्य सरकारनं २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, पण तिला किमान बारावी किंवा आयटीआय पास लागतं. माझ्याकडं येणारी बहुतेक पोरं त्या उंबऱ्याच्या बाहेरच राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही भट्टीवर घेऊ नका, धोक्याच्या कामाला कायद्यानंच बंदी आहे.

आता कारखानदार बंधूंनो, तुमच्याशी जरा सविस्तर बोलायचंय. काही मुलं बाल न्याय मंडळासमोर, म्हणजे अल्पवयीन मुलांवरच्या केसेस जिथं चालतात तिथं, जाऊन आलेली असतात. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमात स्पष्ट म्हटलंय, की प्रकरण मिटलं असेल तर चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही. तेव्हा मुलाखतीत 'कधी केस झाली होती का' म्हणून त्याला खोदून विचारू नका. आम्हीही मुलाखतीला पाठवताना ते सांगत नाही, सांगणारही नाही. आपलं कोल्हापूर तर याबाबतीत सगळ्यांच्या पुढं होतं. ज्या जमातींवर जन्मानंच गुन्हेगारीचा शिक्का बसायचा, त्यांना द्यावी लागणारी रोजची सरकारी हजेरी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याचं विश्वासाचं काम दिलं.

बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. कायद्यात त्यांना पुढं आधार देण्याची तरतूद आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोलून राहण्याची सोय आधी लावा, कोर्स त्यानंतर. झोपायला जागा नसलेला मुलगा सकाळी आठला मशिनवर उभा राहू शकत नाही.

मुलं शोधायची कुठं, असं मला पुष्कळ जण विचारतात. ऑफिसात बसून कुणी येत नाही. तालमीत जा, तरुण मंडळात जा. वस्ताद नाहीतर मंडळातला एखादा थोरला दादा म्हणाला, "जा रे, बघून ये," की पोरगं येतं. आमच्या दहा बॅनरनी ते होत नाही. पहिल्या दिवशी त्याला थेट फॉर्मवर बसवू नका, वर्कशॉप दाखवा, मशिन चालू असताना दाखवा. "मला जमंल काय ओ?" असं त्यानं विचारलं, की नाव घालायची वेळ झाली असं समजा.

नाव घातल्यावरही पहिला महिना मोकळं सोडू नका. ज्या दिवशी गैरहजर, त्याच दिवशी संध्याकाळी घरी फोन करा. फोन लागला नाही तर थोरल्या दादाला सांगा. तीन दिवसांनी चौकशी केली तर तो लाजेनं परत येत नाही, त्याच दिवशी केली तर बहुतेक दुसऱ्या दिवशी येतो.

नमस्कार.