एका नावाची दोन माणसे: वॉशिंग्टन घराण्याच्या वंशावळीचा शोध

इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमध्ये ट्रिंग नावाचे गाव आहे. तिथल्या चर्चच्या दफनवहीत अम्फिलिस वॉशिंग्टन या विधवेची एक छोटी नोंद आहे. आजच्या हिशेबाने ती जानेवारी १६५५ मधली. त्या काळच्या लेखनिकासाठी मात्र अजून १६५४ सालच चालू होते, कारण इंग्लंडमध्ये तेव्हा नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. हा फरक ध्यानात घेतला नाही, तर माणसांचे जन्म आणि मृत्यू भलत्याच क्रमाने लागतात आणि वंशावळ बिघडते.

ही अम्फिलिस अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची खापरपणजी होती. स्वतः जॉर्ज यांना ते ठाऊक नव्हते. लंडनमधले वंशावळ-अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी घराण्याची माहिती विचारली, तेव्हा १७९२ मध्ये त्यांनी उत्तर दिले की, या विषयाकडे आपण फारच थोडे लक्ष दिले आहे. आपल्या घराण्यातले जॉन आणि लॉरेन्स हे दोघे भाऊ १६५७ च्या सुमारास उत्तर इंग्लंडमधून व्हर्जिनियात आले, एवढेच त्यांनी कळवले.

नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या सल्ग्रेव्हच्या वॉशिंग्टन घराण्यात हर्ड यांना जॉन आणि लॉरेन्स अशी भावांची जोडी सापडली. नावे जुळली, म्हणून माणसेही तीच असावीत असे त्यांनी धरले, आणि पुढची सत्तरएक वर्षे तीच वंशावळ प्रमाण मानली गेली. १८६६ मध्ये जोसेफ चेस्टर या अमेरिकी संशोधकाने तिचा पाया काढून घेतला. त्याने दाखवून दिले की, त्या जोडीतला जॉन ‘सर’ किताबाचा सरदार होता आणि लॉरेन्स धर्मगुरू होता. व्हर्जिनियात गेलेले भाऊ ते नव्हेत.

मग ते कोण होते? याचे उत्तर हेन्री वॉटर्स यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यांच्या चिकाटीपुढे मान लवते. लंडनच्या दप्तरखान्यात ते वर्षानुवर्षे जुनी मृत्युपत्रे वाचत बसले होते. त्यांच्या हाती १६७७ सालची एक कोरडी नोंद लागली. ल्यूटन गावचा लॉरेन्स वॉशिंग्टन व्हर्जिनियात वारला असून त्याच्या इंग्लंडमधल्या मालमत्तेची व्यवस्था त्याच्या मुख्य सावकाराकडे सोपवली आहे, असे तीत म्हटले होते. ल्यूटनपासून ट्रिंग फार दूर नाही. ट्रिंगच्या बाप्तिस्म्याच्या वहीत १६३५ साली लॉरेन्स, १६३६ साली एलिझाबेथ आणि १६४१ साली विल्यम ही वॉशिंग्टन मुले आढळतात. थोरल्या जॉनची नोंद तिथे नाही. ती उणीव दुसऱ्या कागदाने भरून काढली: अम्फिलिस मृत्युपत्र न करता वारली, आणि फेब्रुवारी १६५६ मध्ये तिच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा अधिकार तिचा मुलगा जॉन याला देण्यात आला. त्यानंतर वर्षभरातच जॉन वॉशिंग्टन जहाजावरून व्हर्जिनियाला पोहोचतो.

अम्फिलिसचा नवरा लॉरेन्स हा एसेक्समधल्या पर्ली गावचा रेक्टर, म्हणजे तिथल्या चर्चचा मुख्य धर्मगुरू, होता. राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळात, १६४३ मध्ये, दारूबाजीचा आरोप ठेवून संसदेच्या पक्षाने त्याला पदावरून काढले होते. हर्ड यांनी ज्याला व्हर्जिनियात गेलेला भाऊ मानले होते तो धर्मगुरू लॉरेन्स हाच. म्हणजे घराणे बरोबर होते, चूक एका पिढीची होती. ज्यांना त्यांनी स्थलांतरित भाऊ मानले, ते त्या भावांचे चुलते आणि वडील होते.

मला या साऱ्या पुराव्यात सर्वांत भावतो तो बहिणींचा धागा. अम्फिलिसचे सावत्र वडील अँड्र्यू नोलिंग यांनी ट्रिंग इथे केलेल्या मृत्युपत्रात तिच्या मुलांना पैसे ठेवले आहेत, आणि त्यांत एलिझाबेथ, मार्गारेट व मार्था अशा तीन मुली आहेत. अम्फिलिसचा उल्लेख त्यांनी आज ज्या शब्दाचा अर्थ ‘सून’ होतो त्या शब्दाने केला आहे. त्या काळी सावत्र मुलीलाही तोच शब्द लावत. पुढे १६९७ मध्ये, समुद्रापलीकडे व्हर्जिनियात, मार्था हेवर्ड नावाची बाई आपले मृत्युपत्र करते आणि इंग्लंडमध्ये राहिलेल्या दोन बहिणींची आठवण ठेवते. थोरलीचे नाव एलिझाबेथ, दुसरीचे मार्गारेट.

व्हर्जिनियातल्या मृत्युपत्रांत जमीन आणि जनावरांबरोबर गुलाम माणसेही वारसांमध्ये वाटली जात. वडील ऑगस्टिन यांच्या १७४३ च्या मृत्युपत्राने अकरा वर्षांच्या जॉर्ज यांच्या वाट्याला दहा गुलाम आले. या माणसांसाठी ट्रिंगसारखी वही कोणी ठेवली नव्हती, आणि त्यांच्या वंशजांना आपले पूर्वज शोधायला मालकांचेच कागद चाळावे लागतात. जॉर्ज यांनी १७९९ मध्ये मृत्युपत्र लिहिताना माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यातल्या ३१७ गुलामांची यादी तयार केली. तीत नावापुढे काम, आणि नवरा किंवा बायको कोण तेही लिहिले आहे. सुतारकाम करणाऱ्या आयझॅकची बायको किटी. मात्र आयझॅकचे नाव जॉर्ज यांच्या स्वतःच्या मालकीच्या रकान्यात आहे, तर किटीचे त्यांच्या पत्नीच्या पहिल्या सासरच्या इस्टेटीच्या रकान्यात. मृत्युपत्राने मुक्त केले ते फक्त पहिल्या रकान्यातल्या माणसांना.