मणक्यातलं पाणी आणि अर्धा तास

[दृश्य: टेबलावर कुशीवर झोपवलेला बीगल कुत्रा. मान छातीकडे वाकवलेली, मानेवरचे केस भादरलेले.]

वय वर्ष एक. ताप येतो-जातो. वाटीतलं खायला मान खाली केली की केकाटतो. अँटिबायोटिक देऊन झालं, फरक शून्य. आता मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढून तपासायचं. एमआरआय आधीच झालाय, कारण कवटीतला दाब वाढलेला असताना हे पाणी काढलं तर मेंदू खाली सरकून जीव जाऊ शकतो.

पूर्ण भूल. कवटी आणि पहिला मणका यांच्यामधून सुई अगदी सावकाश आत जाते.

[दृश्य: सुईच्या तोंडाशी थेंब.]

नितळ. सिरिंजनं ओढायचं नाही, थेंब आपसूक नळीत पडू द्यायचे. दर 5 किलो वजनाला फार तर 1 मिलिलिटर.

इथून घाई. या पाण्यात प्रथिनं इतकी कमी की पेशी त्यात तग धरत नाहीत. अर्ध्या-एक तासात बिघडू लागतात. नमुना तसाच कुरिअरनं पाठवायचा असेल, तर कुत्र्याला भूल दिली कशाला? पाठवणं भागच असेल तर एका नळीत त्याच कुत्र्याचं थोडं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, मिसळून ती थंड ठेवतात. पेशी टिकतात, पण प्रथिनं मोजायला नळी वेगळी लागते.

[दृश्य: मायक्रोस्कोप.]

निरोगी कुत्र्यात एका मायक्रोलिटरमध्ये पाचाहून कमी पांढऱ्या पेशी. इथे शेकड्यांनी. मोजणी झाली की सायटोसेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्या काचेवर गोळा करायच्या आणि रंगवायच्या. बघा, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची नुसती दाटी. जंतू मात्र दिसत नाहीत. म्हणून ते नाहीतच असं नव्हे, कल्चर लावायचंच, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहायचं.

तरुण बीगल, ताठ मान आणि ही काच: संशय स्टेरॉइडला दाद देणाऱ्या मेनिंजायटिसवर. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूच्या आवरणांवर उलटलेली. हेच न्यूट्रोफिल म्हाताऱ्या कुत्र्यात दिसले असते, तर आवरणाच्या गाठीचाही विचार करावा लागला असता. पगच्या काचेवर लिम्फोसाइट, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, जास्त दिसले, तर मेंदूचा भाग मरत जाणारा दाह डोक्यात येतो. काच थेट नाव सांगते असं क्वचितच. मांजरात क्रिप्टोकॉकस बुरशी सापडते तेव्हा, जाड आवरणामुळे भोवती कोरं वलय असलेली. आणि आजार मेंदूत खोलवर असेल, तर काच अगदी नॉर्मलही येते.

[दृश्य: पिंजऱ्यात उठून बसलेला बीगल.]

कल्चरमध्ये काही उगवलं नाही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू. असे बरेच कुत्रे दोन-तीन दिवसांतच मान हलवू लागतात. गोळ्या मात्र कित्येक महिने चालतात, डोस टप्प्याटप्प्यानं उतरवत.