बॅरी: करड्या दगडाचे गाव

समोर बसलेल्या या पुरुषाच्या कोटाची बटणे आणि गळ्यातला बो जरा निरखून पाहावा. संगमरवर टाकीचे ऐकतो, ग्रॅनाइट सहसा ऐकत नाही. इथे मात्र त्याला कापडाची घडी पडली आहे. अमेरिकेतल्या बॅरीच्या दफनभूमीतली ही प्रतिमा एलिया कोर्ती या इटालियन पाथरवटाची. ती त्याच्या भावाने आणि मेहुण्याने घडवली, आणि पायाशी त्याची हत्यारेही कोरून ठेवली. १९०३ साली समाजवादी आणि अराज्यवादी कामगारांच्या भांडणात कोर्तीला गोळी लागली. ज्या कामगार सभागृहात हे घडले, ते तीनच वर्षांपूर्वी इटालियन कामगारांनी स्वतः राबून उभारले होते. १९१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉरेन्स शहराच्या कापडगिरण्यांत संप पेटला, तेव्हा संपकऱ्यांची पस्तीस मुले सांभाळासाठी बॅरीत पाठवली गेली आणि त्यांचे स्वागत याच सभागृहात झाले.

व्हरमाँट राज्यातल्या या शहराची वस्ती आज जेमतेम साडेआठ हजार आहे. १८७५ मध्ये इथे रेल्वे आली, पुढे रूळ डोंगरावरच्या खाणींपर्यंत चढले, आणि स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचे, उत्तर इटलीतले, स्पेनमधले कारागीर कुटुंबकबिल्यासह येऊन राहिले. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स यांचा १८९९चा पुतळा गावात आहे. स्कॉटिश लोकांनी उभारलेल्या या स्मारकावर इटालियन हात फिरले, आणि चौथऱ्यावरची शिल्पे याच कोर्तीची आहेत.

हाताने टाकी मारताना उडणारी कपची जाड असे आणि खाली पडे. विसाव्या शतकाच्या तोंडावर हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे आली, कामाचा वेग वाढला आणि दगडाचे पिठासारखे बारीक चूर्ण हवेत तरंगू लागले. थंडीमुळे कारखान्यांची दारे बंद ठेवावी लागत, त्यामुळे ते चूर्ण आतच कोंडून राही आणि थेट फुप्फुसांत उतरे. सिलिकोसिस म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, त्यामागोमाग क्षय, आणि ऐन उमेदीत मृत्यू, असा क्रम घरोघरी चालला. कित्येक विधवांनी कामगारांना घरात ठेवून त्यांच्या खाणावळी चालवल्या, तर दारूबंदीच्या काळात काहींनी चोरून वाइनही विकली. धूळ शोषून घेणारी यंत्रे कारखान्यांत सर्रास बसायला १९३०चे दशक संपत आले. यंत्र वाटेल तितके खर्चिक असो, इतका उशीर समर्थनीय ठरत नाही.

कोर्तीच्याच दफनभूमीत, १८९५ पासूनच्या होप सेमेटरीत, लुई ब्रूसा यांची समाधी आहे. सिलिकोसिसने १९३७ मध्ये गेलेले हे पाथरवट दगडात बायकोच्या आधाराने रेललेले दिसतात. इथली सारी स्मारके बॅरीच्याच करड्या ग्रॅनाइटची आहेत. म्हणजे ज्या दगडाने माणूस नेला, तोच त्याच्या उशाशी उभा आहे.

डोंगरावर ‘रॉक ऑफ एजेस’ या कंपनीची सुमारे सहाशे फूट खोल खाण आजही चालू आहे. हिऱ्याचे कण बसवलेल्या तारेने तिथे शिळा कापल्या जातात, अक्षरे वाळूच्या झोताने उमटतात. पण चेहरा कोरायचा झाला की अजूनही माणूसच टाकी हातात घेतो, आणि त्याआधी धूळ ओढणारी नळी दगडाजवळ सरकवतो.