भाषेच्या उंबरठ्यावर

[दृश्य: कॉन्फ्लांच्या तटावरून दिसणारं शहर, दोन नद्यांचा संगम, मागे बर्फाचे डोंगर]

हे अल्बर्टव्हिल. फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यातलं, आल्प्सच्या पायथ्याचं शहर. खाली आर्ली नदी इझेरला येऊन मिळते. आपण उभे आहोत ती टेकडी म्हणजे कॉन्फ्लां, इथली मूळची जुनी वस्ती. १८३६ मध्ये सार्डिनियाचा राजा चार्ल्स आल्बर्ट याने ही वरची वस्ती आणि खालचं गाव एकत्र केलं आणि शहराला आपलं नाव दिलं. तेव्हा हा मुलूख फ्रान्समध्ये नव्हता, १८६० मध्ये तो फ्रान्सकडे गेला. पुढे १९९२ ची हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा इथे झाली आणि अल्बर्टव्हिलचं नाव जगभर पोचलं.

ख्रिस्ती मिशनच्या कामातल्या माणसांना मात्र हे शहर वेगळ्याच कारणाने माहीत आहे. आफ्रिकेतल्या फ्रेंच बोलणाऱ्या देशांत सेवेला निघालेली कुटुंबं आधी इथे येतात आणि भाषा शिकतात.

[दृश्य: स्वयंपाकघर. फ्रिज, कपाट, नळ, खिडकी, सगळ्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या]

त्यांतल्याच एका अमेरिकन कुटुंबाचं हे घर. आई नर्स, वडील बायबलचे शिक्षक, तीन मुलं. त्यांच्या विनंतीवरून आम्ही नावं सांगत नाही. त्यांना जायचंय पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोला. आई तिथल्या एका मिशन दवाखान्यात काम करणार, वडील तिथल्या चर्चच्या पाळकांना शिकवणार.

चिठ्ठ्या जवळून पाहा. पुल्लिंगी वस्तूंच्या निळ्या, स्त्रीलिंगी वस्तूंच्या लाल. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, त्यामुळे टेबल असो की चमचा, कुठल्या तरी एका बाजूला बसवावाच लागतो. आईने मिठाच्या डब्यावर आधी निळी चिठ्ठी लावली होती. मोठ्या मुलीने ती शाळेतून आल्यावर काढली नाही, नुसतीच तिच्यावर लाल चिकटवली. निळी कड अजून खालून दिसते.

[दृश्य: वर्ग. शिक्षिका, छोटा आरसा हातात धरलेली आई]

सकाळचा वर्ग. आज उच्चार. शिक्षिका सांगतात, तोंडातून ‘ई’ काढा, जीभ जागची हलवू नका आणि ओठ शिट्टी घालताना करतो तसे गोल करा. जो आवाज निघेल तो फ्रेंच ‘यू’. समोर आरसा धरायचा आणि ओठांकडे पाहायचं. चाळिशीला आलेली बाई, जिने अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या केल्या, ती आरशात पाहून एक स्वर पुन्हा पुन्हा म्हणते आहे. तिच्या चेहऱ्यावर लाज नाही. आम्ही बराच वेळ कॅमेरा तिच्यावरच ठेवला.

मग आकडे. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, आणि सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात. आपल्याकडच्या जुन्या बायका बाजारात विसांनी मोजायच्या, त्यांना हे चटकन कळलं असतं. नर्सचं काम मात्र याच आकड्यांवर चालतं. नाडी ९७, औषध ७५ मिलिग्रॅम, रक्तदाब १९० वर. ऐकताना वीसचा एक हिशेब चुकला की डोस चुकला. म्हणून ही बाई रोज संध्याकाळी मुलाला आकडे म्हणायला लावते आणि स्वतः न पाहता लिहून घेते. मुलगा मुद्दाम भरभर म्हणतो.

[दृश्य: वहीतलं पान. मानवी शरीराची आकृती, बाणांनी लिहिलेली नावं]

फ्रेंच कशासाठी, हा प्रश्न त्यांच्या ओळखीच्या मंडळींतही निघाला होता. टोगोतला रुग्ण तर एवे बोलतो, काबिये बोलतो. मग थेट तीच भाषा का नाही शिकायची?

कारण टोगोचा कारभार फ्रेंचमध्ये चालतो. पहिल्या महायुद्धापर्यंत ती जर्मन वसाहत होती, मग तिचा मोठा भाग फ्रान्सकडे गेला आणि २७ एप्रिल १९६० ला देश स्वतंत्र झाला तेव्हा राज्यकारभाराची भाषा फ्रेंचच राहिली. रुग्णाचा कागद फ्रेंचमध्ये, औषधाची चिठ्ठी फ्रेंचमध्ये, नर्सच्या नोंदणीचा अर्जही फ्रेंचमध्ये. वडिलांची गरज आणखी मोठी आहे. एकाच बाकावर दक्षिणेतला एवे विद्यार्थी, उत्तरेतला काबिये आणि त्याहून उत्तरेचा मोबा बसला, तर त्या तिघांना एकत्र शिकवायला एकच भाषा उरते. जगात रोजच्या व्यवहारात फ्रेंच वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आज आफ्रिकेत आहेत. पॅरिसची भाषा म्हणून तिच्याकडे पाहणं आता सोडायला हवं.

[दृश्य: शाळेचं फाटक, गाडीत बसलेलं कुटुंब]

मुलं सरकारी शाळेत जातात. फ्रान्समध्ये तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं आहे आणि घरी शिकवायचं तर २०२२ पासून सरकारची आधी परवानगी लागते. शाळा पूर्णपणे धर्मनिरपेक्ष, तिथे प्रार्थना नाही. म्हणून ही गाडीतली दोन मिनिटं. डोळे मिटलेली तीन डोकी, पुढच्या सीटवरून मागे आलेला आईचा हात.

धाकटीने पहिले काही आठवडे शाळेत तोंड उघडलं नाही. मोठीला अजून मैत्रीण नाही.

[दृश्य: संध्याकाळ. वडील टेबलाशी, लॅपटॉप उघडा]

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही ही फिल्म केली, तिच्याकडे येतो.

मिशनरी कुटुंबामागे मायदेशातल्या चर्चच्या मंडळ्या उभ्या असतात. कुणी महिन्याला थोडी रक्कम पाठवतं, कुणी रोज नाव घेऊन प्रार्थना करतं. त्यांना महिन्याचं प्रार्थना-पत्र जातं. टोगोतून जाणाऱ्या पत्रात लिहायला पुष्कळ असतं: अमुक रुग्ण बरा झाला, तमुकाने बाप्तिस्मा घेतला. अल्बर्टव्हिलमधून काय लिहायचं? या महिन्यात क्रियापदांची भूतकाळी रूपं झाली? बेकरीत पाव मागितला आणि समोरच्या बाईला पहिल्या फटक्यात कळलं?

वडिलांनी हे पत्र किती वेळा लिहून पुसलं, ते पडद्यावर दिसतंच आहे. ते उपदेशक आहेत, शब्द हीच त्यांची सेवा. इथे आल्यावर तीच काढून घेतली गेली. घरी शेकडो लोकांसमोर बोलणारा माणूस इथे दुकानदाराचा प्रश्न कळला नाही म्हणून नुसता हसतो आणि बाहेर पडतो. या काळात ते बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा चौथा अध्याय वारंवार वाचत राहिले. मोशे देवाला म्हणतो की मी जड जिभेचा आहे, दुसऱ्या कुणाला पाठव. देव त्याला जाऊ देत नाही, पण जीभही एका रात्रीत हलकी करत नाही.

बायबल सांगतं, पेन्टेकॉस्टच्या दिवशी येशूच्या शिष्यांना एकाएकी परक्या भाषा दिल्या गेल्या. या घराला ती वहीतून मिळते आहे, लाल शाईच्या दुरुस्त्यांतून. आमच्या मते हेही विश्वासाचंच काम आहे. दाखवायला काही नसताना, कुणाला आकडा सांगता येत नसताना, रोज सकाळी पुन्हा त्या बाकावर जाऊन बसायचं.

[दृश्य: जुनं छायाचित्र, मुंबई बंदर]

आपल्याला तर हे कळायलाच हवं. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. तेही असेच बसले आणि शिकले. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने वारले. आज अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या), सोलापूरच्या चर्चमध्ये मराठीत भजनं म्हणणाऱ्या मंडळीमागे ती शिकण्याची वर्षं आहेत. त्यांची फिल्म कुणी काढली नाही.

[दृश्य: रविवार. छोटी मंडळी, खुर्च्या, गिटार]

ही इथली इव्हँजेलिकल मंडळी. मोजकी माणसं. आज वडील पहिल्यांदा फ्रेंचमध्ये साक्ष देणार आहेत, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सगळ्यांसमोर बोलणार आहेत. पाच मिनिटांची. कागदाच्या घड्या पाहा, खिशात ठेवून ठेवून तो कापडासारखा मऊ झालाय. आधी त्यांनी स्वतः लिहिलं, शिक्षिकेने दुरुस्त केलं, मग मोठ्या मुलीने आणखी दोन जागी खुणा केल्या.

[दृश्य: वडील उभे राहतात. निवेदन थांबवावे. ४० सेकंद मूळ आवाज.]

तिसऱ्या वाक्याला त्यांनी कागद खाली ठेवला. त्यानंतर लिंग चुकलं, काळ चुकला. पुढच्या रांगेतल्या आजीबाई एकेक राहिलेला शब्द हळूच पुरवत होत्या आणि ते तो उचलून पुढे जात होते. त्या आजीबाईंना इंग्रजी अजिबात येत नाही. उपासनेनंतर त्यांनी या कुटुंबाला जेवायला बोलावलं.

[दृश्य: जेवणाचं टेबल, बोफोर चीजचा मोठा तुकडा, मुलांची बडबड]

बोफोर हे इथल्याच डोंगरातलं चीज. आजीबाई कापून वाढतायत, आणि शाळेत गप्प राहणारी धाकटी त्यांना काहीतरी सांगते आहे. फ्रेंचमध्ये. आई मान वळवून तिच्याकडे बघते, तो क्षण जसा मिळाला तसा ठेवला आहे.

[दृश्य: सुटकेसी, भिंतीवर टोगोचा नकाशा]

वडिलांना वर्गाची परीक्षा दुसऱ्यांदा द्यावी लागली आणि निघणं काही महिने लांबलं. आता तिकिटं झाली आहेत, टोगोची राजधानी लोमेपर्यंतची. दवाखान्यातलं काम मात्र पोचल्यावर लगेच सुरू होणार नाही. आधी पुन्हा वर्ग आहे, एवे भाषेचा. ब्रेमेनच्या मिशनची माणसं १८४७ मध्ये एवे लोकांत आली, तेव्हापासून ही भाषा शिकणाऱ्या परदेशी मिशनऱ्यांची ओळ चालू आहे. आईने नवी वही घेतली आहे. पहिल्या पानावर तिने तीच मानवी शरीराची आकृती काढून ठेवलीय. बाण आहेत, नावं अजून लिहायची आहेत.

त्यांनी मराठी मंडळ्यांकडे प्रार्थनेसाठी दोन विनंत्या दिल्या आहेत. मोठ्या मुलीला टोगोच्या शाळेत मैत्रीण मिळावी. आणि आईची नर्स म्हणून नोंदणी लवकर व्हावी, त्या अर्जाची मुलाखत फ्रेंचमध्येच आहे.