किंचेमचं मांजर: शर्यतीची घोडी आणि तिची सोबत

नमस्कार मंडळी! आज एका मांजराची गोष्ट. म्हणजे गोष्ट घोडीची म्हणूनच प्रसिद्ध आहे, पण घोडीबद्दल सगळेच बोलतात. आपण जरा मांजराच्या बाजूने बघू.

[पडद्यावर: किंचेमचं जुनं चित्र]

ही किंचेम. हंगेरीतली घोडी, जन्म 1874 चा. 1876 ते 1879 या चार हंगामांत ती 54 शर्यती धावली आणि 54 च्या 54 जिंकली. एकही हार नाही! 1878 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडला जाऊन गुडवुड कप मारला, त्याच महिन्यात फ्रान्समध्ये दोव्हिलची मोठी शर्यत काढली आणि पुढच्या महिन्यात जर्मनीत बाडेन-बाडेनला हजर. सगळा प्रवास आगगाडीने आणि बोटीने. आजच्या घोड्यालाही हे झेपणं अवघड आहे.

पण बाईसाहेबांचे नखरे होते. सोबत दोघं लागायचे: फ्रँकी नावाचा तिचा मोतद्दार आणि एक मांजर. इंग्लंडहून परतताना बंदरावर मांजर कुठेतरी गायब झालं. झालं! घोडी आगगाडीत चढेना. जागेवर उभी राहून खिंकाळत राहिली. दोन तासांनी मांजर आलं, टुणकन तिच्या पाठीवर चढलं, आणि मग ती निमूट डब्यात शिरली, असं सांगतात. आता ही गोष्ट जवळजवळ दीडशे वर्षं तोंडातोंडी फिरलीय. ते दोन तास कुणी घड्याळ लावून मोजले असतील असं मला वाटत नाही. पण घोडी अडून बसली यात मला तरी अतिशयोक्ती दिसत नाही, कारण घोड्याचा स्वभावच तसा असतो.

कसा, ते बघा. घोडा उभ्या-उभ्या डुलकी काढतो हे आपल्याला माहीत असतं. पण ज्या गाढ झोपेत डोळे पापणीआड हलतात, ती झोप त्याला उभ्याने घेता येत नाही. तिच्यासाठी आडवं व्हावंच लागतं. आणि आडवा झालेला घोडा म्हणजे वाघ-लांडग्यासाठी वाढलेलं ताट. म्हणून कळपात एखादा जागा राहतो, तेव्हा बाकीचे निर्धास्त पडतात. शर्यतीच्या घोड्याला कळप कुठला? व्यायाम झाला की उरलेला जवळजवळ सगळा दिवस एका खणात, एकटा. मग कुणी डावी-उजवीकडे झुलत राहतो, कुणी दाराचं लाकूड दातात धरून हवा ओढत बसतो, कुणी खणातच येरझाऱ्या घालतो. खाणं कमी होतं आणि अंग उतरतं.

म्हणून तबेल्यात बकरी बांधायची पद्धत पडली. अमेरिकेत सीबिस्किट नावाचा घोडा होता, 1930 च्या दशकातला. फार चिडका. प्रशिक्षक टॉम स्मिथने त्याच्याकडे बकरी पाठवली. पठ्ठ्याने तिला दातात धरून झिंजाडली आणि दारावरून बाहेर भिरकावली! मग पंपकिन नावाचा एक शांत, वयस्क घोडा आणला आणि मधली भिंत पाडून दोघांना एकत्र ठेवलं. मागोमाग एक भटकं कुत्रं आलं, एक माकड आलं. अशी सगळी वरात जमल्यावर सीबिस्किट आडवा होऊन झोपायला लागला.

म्हणजे घोड्याची बाजू सोपी आहे. त्याला सोबत हवीच असते. मांजराचं काय? मांजर कळपातलं नव्हे. ते पागेत येतं उंदरांसाठी, कारण जिथे ओटचे दाणे तिथे उंदीर. दुसरं कारण ऊब. घोड्याच्या अंगाचं तापमान 38 अंशांच्या आसपास असतं, आणि पाठ चांगली रुंद. युरोपातल्या थंडीत यापेक्षा बरं अंथरूण कुठलं?

इथे शहाणे लोक म्हणतात, बघा, प्रेम-बिम काही नाही, नुसती ऊब. मला हे पटत नाही. उबेसाठी शेगडीही चालते, आणि उंदीर बंदरावर काय कमी असतात? मांजर आपल्या माणसाच्या पायाला गाल घासतं ना, तेव्हा गालातल्या ग्रंथींचा वास तिथे लावून ठेवत असतं. हे माझ्यातलं, अशी खूण. पागेतली मांजरं घोड्याच्या पायाला, तोंडाला अगदी तसंच अंग घासतात, तेही पाचशे किलोच्या जनावराच्या खुरांपाशी! भीती वाटली असती तर ती तिथे फिरकलीच नसती. घोडी दाव्याला बांधलेली होती, मांजर मोकळं होतं. बंदरावर परत आलं ते आपल्या मनाने. म्हणून या जोडीत जीव लावला कुणी, असं मला विचाराल तर मी मांजराचं नाव घेईन.

आणि हो, किंचेम सगळ्याच प्राण्यांवर मेहेरबान होती असं समजू नका. 1878 मध्येच बाडेन-बाडेनच्या शर्यतीत तिची आणि प्रिन्स जाइल्स द फर्स्टची बरोबरी झाली. निकालासाठी दोघांना पुन्हा पळवलं. धावताना एक भटकं कुत्रं तिच्या पायात आलं, असं सांगतात. तिने त्याला लाथ हाणली, पुन्हा वेग धरला आणि शर्यत जिंकली.