परत न येण्याची सही

समजा, तुमच्यापुढे एक फॉर्म ठेवलाय. नाव, वय, उंची, जुने आजार. आणि सगळ्यात खाली एक ओळ: मला परत आणलं जाणार नाही, हे मला मान्य आहे. त्याखाली सही.

कराल?

लगेच 'हो' म्हणणारे बरेच असतात. 2012 साली नेदरलँड्समध्ये 'मार्स वन' नावाचा उपक्रम सुरू झाला. माणसं मंगळावर न्यायची, तिथेच ठेवायची, आणि खर्चातला मोठा वाटा त्यांच्यावरच्या टीव्ही शोमधून काढायचा. 2013 मध्ये अर्ज मागवले, तेव्हा दोन लाखांहून जास्त लोकांनी नाव नोंदवल्याचा दावा त्यांनी केला. हा आकडा फुगवलेला आहे अशी टीका नंतर झाली. फुग्यातली हवा काढली तरी हजारो उरतात, तेही पदरचे पैसे भरून अर्ज करणारे. 2015 मध्ये 100 जणांची यादी लागली, 50 बायका आणि 50 पुरुष. जानेवारी 2019 मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. यान सोडाच, यानाचा सांगाडाही उभा राहिला नव्हता.

या प्रकरणावर हसून झालं असेल तर आपण त्या शेवटच्या ओळीकडे वळू. कारण ती ओळ कुण्या वेड्याने लिहिलेली नाही. तिच्यामागे सरळ हिशेब आहे.

(स्क्रीनवर: मंगळावरून उडणाऱ्या यानाचं रेखाचित्र)

मंगळाचं गुरुत्वाकर्षण आपल्या 38 टक्के. कमी वाटतं. तरी चार माणसांना तिथून वर उचलायला, नासाच्या अंदाजाने, सुमारे 7 टन इंधन आणि ते जाळायला 25 टन ऑक्सिजन लागतो. हे सगळं आधी तिथे उतरवायचं. आणि मंगळावर उतरणं म्हणजे छळ आहे. हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहून विरळ. यान तापवायला पुरते, थांबवायला पुरत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये उतरलेली पर्सिव्हिअरन्स ही नासाने तिथे नेलेली सगळ्यात जड गाडी. तिचं वजन एक टनाच्या जेमतेम वर.

म्हणून कुणीतरी म्हणतं, परतीचा भाग काढूनच टाका. 1962 मध्ये बेल कंपनीच्या दोन इंजिनिअरांनी चंद्राबद्दल अगदी हेच सुचवलं होतं. एक माणूस पाठवू, त्याला खाणंपिणं पुरवत राहू, आणि परत आणायची सोय झाली की आणू. झाली की! 2010 मध्ये पॉल डेव्हिस आणि डर्क शुल्झ-माकुख या शास्त्रज्ञांनी मंगळासाठी एकेरी मोहिमेची बाजू मांडली, आणि ती गंभीरपणे मांडली.

आपल्याकडे 'परतीचे दोर कापले' असं आपण कौतुकाने म्हणतो. पण दोर कापतात ते एका रात्रीच्या लढाईसाठी. सकाळी गड हातात येतो आणि खाली उतरायला दरवाजा असतो. इथे सकाळी काय असतं, ते बघू.

घर जमिनीखाली, किंवा मातीच्या जाड थराखाली. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या क्युरिऑसिटी या गाडीने मोजलंय: मंगळाच्या पृष्ठभागावर रोज साधारण 0.64 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजायचं एकक) किरणोत्सर्ग, आणि प्रवासात रोज 1.8. नासाची अंतराळवीराला आयुष्यभराची मर्यादा 600. सहा महिन्यांच्या प्रवासातच सव्वातीनशे संपतात. उरलेले उघड्यावर राहिलात तर चौदा महिन्यांत. तेव्हा मंगळावरचा सूर्यास्त वगैरे जे तुमच्या डोळ्यांपुढे येतंय, ते कधीमधी. एरवी भिंत. बाहेरच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार आहेत, थायरॉइडला त्रास देणारे, त्यामुळे ती माती धुतल्याशिवाय शेतीला चालत नाही. फोनवर बोलणं नाही; तुमचा 'हॅलो' पोचायला 3 ते 22 मिनिटं लागतात, उत्तर यायला तेवढीच.

हे सगळं सोसणारी माणसं मिळतील. मला शंका नाही. मला शंका आहे ती 'स्वेच्छेने' या शब्दाबद्दल.

1947 ची न्युरेंबर्ग संहिता. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून आलेली, माणसांवरच्या प्रयोगांची नियमावली. तिचा नववा मुद्दा सांगतो की प्रयोगात सामील झालेल्या माणसाला, आता पुरे असं वाटलं तर, प्रयोग थांबवायची मोकळीक हवी. म्हणजे संमती ही एकदा सही करून संपणारी गोष्ट नाही. ती रोज चालू असते, कारण ती रोज काढून घेता येते. एकेरी मोहिमेत ती यान सुटलं त्या मिनिटाला गोठते. तीस वर्षांच्या उत्साही माणसाने सही केली, आणि ती पाळायचीय पंचेचाळीस वर्षांच्या, थकलेल्या, कदाचित पार बदललेल्या माणसाने. त्याला कुणी विचारलं?

कुणी म्हणेल, सराव करून घेऊ, कोण टिकतं ते कळेल. सराव झालेत. मॉस्कोमध्ये 2010-11 साली सहा जण 520 दिवस बंद राहिले. ह्यूस्टनमध्ये 2023-24 मध्ये चौघं 378 दिवस. मला सगळ्यात बोलका वाटतो तो अ‍ॅरिझोनातला 'बायोस्फिअर 2'. 1991 ते 93, आठ माणसं, काचेखाली अख्खं जंगल, शेत, छोटा समुद्र. हवेतला ऑक्सिजन हळूहळू 20.9 वरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास आला. सुपीक मातीतले जिवाणू तो खात होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड इमारतीचं काँक्रीट गुपचूप शोषत होतं, त्यामुळे चोर सापडायला वेळ लागला. माणसं जिना चढताना धापा टाकायची. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडला. मधल्या काळात आठांचे चार-चार असे दोन तट पडले होते. त्याआधी, सुरुवातीलाच, एकीचं बोट मळणीयंत्रात सापडलं. ती दार उघडून शस्त्रक्रियेला गेली आणि परत आत आली.

दार उघडून. प्रत्येक सरावात दार असतं. ते ठेवावंच लागतं, नाहीतर असा प्रयोग करायची परवानगीच मिळणार नाही. आणि दार आहे हे माहीत असलेला माणूस दार नसताना कसा वागेल, हे त्या प्रयोगातून कळू शकत नाही. 1961 मध्ये अंटार्क्टिकात लिओनिद रोगोझोव्ह या डॉक्टरने स्वतःचं अपेंडिक्स स्वतः कापून काढलं, कारण तिथे दुसरा डॉक्टर नव्हता. पण तोही पुढे घरी परतला.

आणि मुलं? वसाहत म्हटली की मुलं आली. 38 टक्के गुरुत्वाकर्षणात गर्भ नीट वाढतो का, हे एकाही सस्तन प्राण्यावर तपासलेलं नाही. ते मूल ज्या फॉर्मचा परिणाम असेल, त्यावर त्याची सही नसेल. पूर्वी जहाजाने गेलेले लोकही परतत नव्हते, असं कुणी म्हणेल. बरोबर. पण ते जिथे उतरले तिथे हवा होती.

मग माझं उत्तर काय? मला शेवटची ओळ बदलून हवी. पृथ्वी आणि मंगळ दर 26 महिन्यांनी सोयीच्या जागी येतात. दर वेळी प्रत्येकाला पुन्हा विचारा: राहायचं की परतायचं? आणि हे नुसतं बोलणं नको, यान भरून उभं हवं. म्हणजे आपण त्या 25 टनांवर परत आलो.

(स्क्रीनवर: मॉक्सीचा फोटो)

पर्सिव्हिअरन्सच्या पोटातलं हे मॉक्सी नावाचं यंत्र. मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून त्याने 2021 ते 2023 मध्ये ऑक्सिजन बनवला, एकूण 122 ग्रॅम. एका माणसाचा साडेतीन तासांचा श्वास. त्याचा सर्वोत्तम वेग तासाला 12 ग्रॅम. त्या वेगाने 25 टनांना 238 वर्षं लागतील. पण ते टोस्टरएवढं, चाचणीपुरतं यंत्र होतं. तासाला 2 किलो देणारं मोठं यंत्र नेलं, तर हेच काम साधारण 17 महिन्यांत होतं. 26 महिन्यांच्या आत बसतं.

ती टाकी भरल्याचा निरोप आला की फॉर्म मलाही पाठवा.