गिनीपिगच्या केसांचा काढा

नमस्कार श्रोतेहो. मृग लागला की आमच्या माजघराच्या भिंतीवर काळी बुरशी चढते आणि मला दम्याचा पंप उशाशी घ्यावा लागतो. कौलं उतरवून स्लॅब घातलेल्या घरांत ती जास्त चढते, असं माझं मत आहे. गवंडी मानत नाहीत, ते जाऊ दे. आज बोलायचंय ते दम्याच्या औषधांची परीक्षा आधी जनावरांवर होते, त्याबद्दल.

गिनीपिगला अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन टोचतात. काही आठवड्यांनी त्याच प्रथिनाचा फवारा त्याला हुंगवला, की त्याला धाप लागते. आधी औषध दिलेल्याला लागली नाही, तर औषध पास! पण गिनीपिगच्या श्वासनळ्या हिस्टामाइनला, म्हणजे वावडं उठलं की अंगात सुटणाऱ्या रसायनाला, फारच हळव्या. अंगाला खाज सुटली की आपण घेतो ना गोळी, त्या जातीच्या गोळीनं तो तरतो. आपला दमा तेवढ्यानं हटत नाही; आपल्या नळ्या आवळणारी रसायनं आणखीही आहेत. पुन्हा सांगतो, गिनीपिगला लागू पडलं ते माणसाला पडेलच असं नाही. आणि उलटंही.

या उलट्याचीच गोष्ट मला सांगायचीय. डॉक्टर रॉजर अल्टून्यान, जन्म 1922चा. स्वतः दमेकरी, आणि वावडं कशाचं? गिनीपिगच्या केसांचं! इंग्लंडमधल्या एका औषध कंपनीत ते काम करत. तिथे खेलिन नावाच्या वनस्पतिज द्रव्यावरून नवनवी रसायनं बनत होती. जनावरांत काही दिसेना. मग या गृहस्थांनी काय करावं? गिनीपिगचे केस भिजवून त्याचा काढा केला. आधी नवं रसायन ओढायचं, मग तो काढा हुंगायचा, आणि घरघर सुरू झाली की यंत्रात फुंकून श्वास किती उरलाय ते मोजायचं. पुन्हा सांगतो, स्वतःवर! एकदा-दोनदा नव्हे, वर्षानुवर्षं. आमच्याकडे सुकटीचा वास आला तरी माणसं खिडकी लावून घेतात.

1965 साली त्यांच्या हाती सोडियम क्रोमोग्लायकेट आलं. दमा उठल्यावर नव्हे, उठण्याआधी घ्यायचं औषध. ते भुकटीचं, ओढायचं कसं? महायुद्धात अल्टून्यान वैमानिक होते. त्यांनी नळीत चिमुकला पंखा बसवला, विमानाचा असतो तसा. श्वास आत घेतला की पंखा फिरायचा, कॅप्सूल गरगरायची आणि भुकटी छातीत उतरायची.